परदेशातल्या वर्गाची वाट आपल्याच शाळेतून जाते

"सर, शिक्षकांसाठीचा तो एकशेवीस तासांचा कोर्स केला तर बाहेर इंग्रजी शिकवायची नोकरी लागते का?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत लांज्यापासून कुडाळपर्यंतच्या इतक्या मुलामुलींनी मला विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर आणि जाहीरपणे द्यावे असे वाटू लागले. विचारणारा बहुधा इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेला असतो, पाठोपाठ त्याने डी.एड. किंवा बी.एड. केलेले असते, शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण केलेली असते आणि 'पवित्र' पोर्टलवरच्या पुढच्या भरतीची तो वाट पाहत असतो. तोवर तालुक्याच्या गावी एखाद्या खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर तो शिकवतो. माझे उत्तर असे आहे की नोकरी लागू शकते, परंतु त्या कोर्सच्या कागदाने ती लागेल या भरवशावर राहू नये. परदेशातल्या चांगल्या शाळेत जी पात्रता खरोखर मोजली जाते ती प्रत्यक्ष वर्गात, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली शिकवून येते. ती मिळवण्याची सोय कोकणातच, सार्वजनिक खर्चाने आणि आपल्या मराठी शाळांच्या वर्गांत झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्यांना पैशाचा मोह सुटला आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी इथले आकडे पाहावेत. राज्यात नव्याने नेमलेल्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. हे मानधन 2023 पर्यंत प्राथमिकसाठी महिना 6,000, माध्यमिकसाठी 8,000 आणि उच्च माध्यमिकसाठी 9,000 रुपये होते. आता ते अनुक्रमे 16,000, 18,000 आणि 20,000 आहे. ही नेमणूकही भाग्यवंतांनाच मिळते, कारण वाड्यावस्त्यांवरच्या शाळांची पटसंख्या दरवर्षी घटत आहे. आपल्या जिल्ह्यात स्थानिक डी.एड.धारकांना प्राधान्य द्यावे, ही सिंधुदुर्गातल्या तरुणांची मागणी त्याच अडचणीतून पुढे आली. शिवाय घर सोडून पोटासाठी बाहेर जाणे कोकणाला नवे नाही. गिरणगावात गेलेला चाकरमानी, बोटीवर गेलेला खलाशी, आखातात गेलेला कारागीर यांच्या मनीऑर्डरींवर इथली घरे उभी राहिली आणि गणपतीला भरली. आता त्या रांगेत शिक्षक उभा राहू पाहत आहे, आणि तो हातातली कला घेऊन जाणार की केवळ एक कागद, एवढाच प्रश्न आहे.

एकशेवीस तास हा आकडा कुठून आला हे समजून घेतले पाहिजे, कारण सगळी गफलत तिथेच आहे. इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी असलेल्या केंब्रिजच्या 'सेल्टा' या अभ्यासक्रमात प्रशिक्षकांच्या सहवासात किमान 120 तास घालवावे लागतात. लंडनच्या 'ट्रिनिटी' कॉलेजच्या समकक्ष प्रमाणपत्रात हे तास 130 आहेत. दोन्हींचा गाभा तासांच्या बेरजेत नसून सहा तासांच्या प्रत्यक्ष अध्यापनात आहे. उमेदवाराने खऱ्या विद्यार्थ्यांना, निदान दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर शिकवायचे असते, प्रशिक्षकाने ते पाहायचे असते आणि पाठ संपल्यावर सर्वांनी बसून कुठे काय बिनसले याची चर्चा करायची असते. 'सेल्टा'त त्याशिवाय अनुभवी शिक्षकांचे सहा तासांचे पाठ पाहायचे असतात आणि चार लेखी स्वाध्याय लिहायचे असतात. पूर्ण वेळ केला तर हा अभ्यासक्रम चार आठवड्यांत होतो, आणि त्या चार आठवड्यांत रात्रीची झोप पुरेशी होत नाही असे तो केलेले सारेच सांगतात. बाजाराने यातला फक्त आकडा उचलला. घरबसल्या काही प्रश्नांना टिचक्या मारून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावरही 'एकशेवीस तास' असेच छापलेले असते, पण ते मिळवणाऱ्याने या संपूर्ण काळात एकाही विद्यार्थ्याचा चेहरा पाहिलेला नसतो. माझ्या एका विद्यार्थिनीने सवलतीच्या दरात असे प्रमाणपत्र घेतले होते. पुढे एका परदेशी शाळेने तिची ऑनलाइन मुलाखत घेतली आणि पहिल्याच प्रश्नात विचारले की आजवर तुमचा वर्ग कोणी पाहिला आणि काय सांगितले. तिच्याकडे उत्तर नव्हते. तिला इंग्रजी उत्तम येत होते, शिकवण्याची आवडही होती. तिचा वर्ग पाहायला मात्र कधी कोणी आलेच नव्हते.

आपल्याकडचा बी.एड.चा अभ्यासक्रम कागदावर पाहिला तर मनाला चुटपुट लागते. 2015 पासून तो दोन वर्षांचा झाला आणि त्यात 20 आठवडे शाळेत घालवणे अपेक्षित आहे. म्हणजे सराव पाठांच्या बाबतीत आपला पदवीधर 'सेल्टा'वाल्याच्या कित्येक पटींनी पुढे असायला हवा. प्रत्यक्षात टाचण वहीत सुबक उतरते, लेसन उरकले जातात, मार्गदर्शक सही करतो आणि पुढच्या वर्गाकडे वळतो, असे चित्र मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. याचा दोष एकट्या प्राध्यापकांवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण एकेका मार्गदर्शकाकडे इतके प्रशिक्षणार्थी असतात की त्या प्रत्येकाच्या मागच्या बाकावर तासभर बसणे त्याला शक्यच नसते. तरीही वस्तुस्थिती बदलत नाही. पाठ पाहून "मुलांना उत्तर द्यायला तू तीन सेकंदसुद्धा दिली नाहीस" असे सांगणारे कोणी नसेल, तर वीस आठवडे आणि वीस महिने यांत काही फरक उरत नाही.

दुसरी गोष्ट कटू आहे, पण ती लपवण्यात मुलांचेच नुकसान आहे. ती भारतीय पासपोर्टची गोष्ट. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. चीननेही परदेशी इंग्रजी शिक्षकांसाठी जवळपास अशीच भिंत उभी केली आहे. जुलै 2021 मध्ये तिथे खासगी शिकवण्यांवर निर्बंध आले आणि देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून मुलांना ऑनलाइन शिकवून घेण्यावर बंदी आली, तेव्हा त्या शिकवण्यांवर डोळा ठेवून महागडे इंटरनेट घेतलेल्या तरुणांना ते परवडेनासे झाले. जपानमध्ये शाळेत भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून निदान बारा वर्षे शिक्षण झाल्याचा पुरावा लागतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, हे खरे, पण इंग्रजी हा विषय शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे या भिन्न गोष्टी आहेत. त्यामुळे मराठी माध्यमात वाढलेला, स्वतःच्या कष्टाने इंग्रजीवर प्रभुत्व मिळवलेला देवगडचा मुलगा या नियमात बसत नाही, आणि सुमार इंग्रजी बोलणारा पण कागदोपत्री इंग्रजी माध्यमात बारा वर्षे काढलेला मुलगा बसतो. थायलंडमध्ये ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्याला एखाद्या मान्य चाचणीतले गुण दाखवावे लागतात. व्हिएतनाममध्ये पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र अशा दोन्ही गोष्टी लागतात. ही दोन दारे तुलनेने उघडी आहेत. सर्वांत जवळचे आणि सर्वांत खात्रीचे दार मात्र आखातातल्या भारतीय शाळांचे आहे. तिथे सीबीएसईचा अभ्यासक्रम चालतो, बी.एड.ला किंमत मिळते आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक घरांची माणसे आधीपासूनच तिथे असल्याने नवख्याला पहिल्या महिन्याचा आधार मिळतो. परदेशात इंग्रजी शिकवणे म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर टोकियो येते. मस्कत आणि दोहा डोळ्यांसमोर यायला हवेत.

कोरियाच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि ती माझ्या म्हणण्याला बळ देते. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 रोजी अमलात आला. या करारामुळे पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची अधिकृत शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट उघडली. सात देशांच्या भिंतीला पडलेले हे भगदाड कोणा एका उमेदवाराच्या हुशारीने पडले नाही, सरकारने सरकारशी बोलून ते पाडले. आपल्या शिक्षक-पात्रतेला त्या कराराने मान दिला, आणि त्याच पात्रतेचा दर्जा आपण सांभाळला नाही, तर पुढच्या करारात तो मान मागायला आपले प्रतिनिधी कोणत्या तोंडाने बसणार?

'मातृभाषिक तोच उत्तम शिक्षक' या समजुतीशी भांडण्यापुरते शास्त्रीय बळ आपल्या बाजूने आहे. 1961 मध्ये युगांडातल्या माकेरेरे येथे भरलेल्या परिषदेनंतर ही समजूत जगभर रूढ झाली आणि 1992 मध्ये रॉबर्ट फिलिप्सन यांनी तिला सरळ भ्रम म्हटले. काश्मीरचे ब्रज काचरू यांनी 1985 च्या सुमारास जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळे (मातृभाषा, दुसरी भाषा आणि परकी भाषा अशी) मांडली आणि भारतातली इंग्रजी ही कोणाची बिघडलेली नक्कल नसून स्वतःचे नियम असलेले रूप आहे, हे विद्वानांच्या गळी उतरवले. इंग्रजी शिक्षकांच्या 'टेसोल' या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2006 मध्ये मातृभाषिक नसलेल्या शिक्षकांविरुद्धच्या भेदभावाचा निषेध केला. मला सर्वांत जवळचे वाटते ते एन. एस. प्रभू यांचे काम. 1979 ते 1984 या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत, गच्च भरलेल्या वर्गांत, व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना सोडवायला प्रश्न दिले आणि ते सोडवता सोडवता भाषा येते का हे पाहिले. बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या कामातून टास्क-बेस्ड पद्धतीचा पाया घातला गेला, आणि आज जगभरच्या प्रशिक्षण वर्गांत ती पद्धत शिकवली जाते. आपल्या शाळांत जन्मलेली पद्धत परदेशी प्रमाणपत्रातून, लाखाच्या पुढे शुल्क भरून आपली मुले परत शिकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मराठी माध्यमातून आलेल्या शिक्षकाची जी उणीव समजली जाते, तीच मी त्याची शिदोरी मानतो. मराठीत इंग्रजीसारखी 'अ' आणि 'द' ही उपपदे नाहीत. जपानी, कोरियन आणि चिनी भाषांतही ती नाहीत. 'द' कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे लंडनमध्ये जन्मलेल्या माणसाला विचारले तर तो म्हणेल की कानाला बरे वाटते तिथे लावायचा. सावंतवाडीच्या मुलाने मात्र ते एकेक वाक्य अडखळत, खोडत, पुन्हा लिहीत शिकलेले असते, आणि म्हणून सोलमधला विद्यार्थी कोणत्या वाक्यात ठेचकाळणार हे त्याला आधीच दिसते. आपण मराठीत 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' असे दोन प्रकारे लिहितो, कारण ओठ आणि दात यांतला तो बारीक फरक आपल्याला मुद्दाम शिकावा लागला. जे मुद्दाम शिकावे लागते ते शिकवताही येते. अर्थात ही शिदोरी इंग्रजी पक्के असल्याशिवाय उपयोगाची नाही. 'सेल्टा'ला प्रवेश देताना भाषाज्ञान मोजण्याच्या युरोपीय चौकटीतली सी-वन, म्हणजे प्रगत, किंवा त्यावरची पातळी अपेक्षित असते, आणि आपल्याकडचे पुष्कळ पदवीधर, पदवीत चांगले गुण असूनही, बोलण्यात त्या पातळीला पोचत नाहीत. त्यांना खोटा धीर देण्यापेक्षा आणखी एक वर्ष इंग्रजीवर घालवा असे सांगणे हीच खरी माया आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. इथल्या शाळांना शिक्षक मिळत नाहीत, एकशिक्षकी शाळा तग धरून आहेत, आणि अशा वेळी सार्वजनिक पैसा खर्चून शिक्षक बाहेर पाठवायचे, हे कोकणाच्या हिताचे कसे? इंग्लंडने 2023 मध्ये भारतासह नऊ देशांतल्या गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी शिक्षक-पात्रतेचा अर्ज सोपा केला. श्रीमंत देशांनाही शिक्षकांची चणचण आहे आणि ते इतरांचे शिक्षक नेऊ पाहतात, तेव्हा ही भीती खरी आहे. पण जो जायचा तो कागद विकत घेऊन आजही जातोच, आणि जाताना इथल्या एकाही मुलाला काही देऊन जात नाही. मी सुचवतो त्या व्यवस्थेत त्याचे सगळे सराव पाठ इथल्या पाचवी ते आठवीच्या वर्गात होतील. ज्या शाळेत इंग्रजीचा तास कविता पाठ करून घेण्यात संपतो, तिथे वर्षभर आठवड्यातून दोन दिवस दोन तयार मनाचे तरुण आणि त्यांचा मार्गदर्शक येतील, आणि तो वर्ग पाहताना त्या शाळेचे शिक्षकही शिकतील. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी निम्मे इथेच राहतील अशी माझी अपेक्षा आहे, कारण घराजवळचे काम चांगले करता येऊ लागले की सर्वांनाच समुद्र ओलांडावासा वाटत नाही.

व्यवस्था उभी करायला नव्या इमारती लागत नाहीत. मुंबई विद्यापीठाचे रत्नागिरीत उपकेंद्र आहे, दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे डाएट आहे, आणि निवृत्त झालेले पण हातपाय धड असलेले इंग्रजीचे उत्तम शिक्षक गावोगावी आहेत. मार्गदर्शकामागे सहाहून जास्त प्रशिक्षणार्थी नसावेत, प्रत्येकाचे निदान दहा पाठ पूर्ण वेळ पाहिले जावेत, पाठानंतरची चर्चा लिहून ठेवली जावी आणि ती वही उमेदवाराच्या हाती राहावी, एवढ्या चार गोष्टींवर तडजोड करू नये. परदेशी शाळेच्या मुलाखतीत सर्वांत जास्त उपयोगी पडेल ती ही वही. ज्याला पुढे 'सेल्टा' करायचे असेल त्याला शुल्कासाठी बिनव्याजी कर्ज मिळावे; इथे दहा पाठ दिलेला उमेदवार तिथे नापास होण्याची शक्यता फार कमी आहे.

कागदपत्रांबद्दल थोडे सांगतो, कारण तयारी उत्तम असूनही इथे माणूस अडकतो. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावासह सगळे नाव सलग छापलेले असते आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. कुठे वडिलांचे नाव पूर्ण असते, कुठे आद्याक्षर. परदेशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. नोकरी शोधण्याच्या कितीतरी आधी, सगळ्या कागदांवरचे नाव एकसारखे करून घ्यावे. एका शिक्क्यावर एका देशाचे कागद दुसऱ्या देशात मान्य करणाऱ्या अपोस्टिल करारात भारत 2005 पासून आहे, ओमान आणि सौदी अरेबियाही आहेत. संयुक्त अरब अमिराती त्यात नसल्याने तिथे जाणाऱ्याला राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास अशा तीन पायऱ्यांवर पदवी प्रमाणित करून घ्यावी लागते. रत्नागिरीहून त्यासाठी मुंबईच्या तीन-चार खेपा होतात, आणि याच खेपांच्या धास्तीने माणूस एजंटाच्या दारात जातो.

एजंटाच्या बाबतीत आपला कायदा शिक्षकाला फारसा सांभाळत नाही, हे सांगितलेच पाहिजे. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरी लावणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि त्याला उमेदवाराकडून 30,000 रुपये व त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. पण दहावी उत्तीर्ण झालेल्याला उत्प्रवासन परवानगीची, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधीच्या सरकारी मंजुरीची, गरज नसते, म्हणून पदवीधर शिक्षकाचा करार जाण्याआधी कोणताही सरकारी अधिकारी तपासत नाही. गवंड्याचा करार तपासला जातो, मास्तरांचा जात नाही. 2022 मध्ये थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने गेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारच्या म्यावाड्डी भागात डांबून फसवणुकीची कामे करायला लावल्याचे उघड झाले आणि परराष्ट्र मंत्रालयाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. "आधी टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिट नंतर करू" हे वाक्य ज्याने उच्चारले त्याच्याशी पुढे बोलूच नये. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाची नोंदणी पाहायला पाच मिनिटे लागतात. ही तपासणी आणि कराराचे वाचन करून देणारा एक माणूस दोन्ही जिल्ह्यांच्या रोजगार कार्यालयात बसवावा, ही माझी मागणी वरच्या प्रशिक्षणाइतकीच निकडीची आहे.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्यात 1812 मध्ये जन्मलेले बाळशास्त्री जांभेकर मुंबईत इंग्रजी शिकले, एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी अध्यापन केले आणि 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' सुरू केले तेव्हा त्यात एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी मजकूर ठेवला. इंग्रजी शिकून ती दुसऱ्याला देण्याची ही रीत कोकणात इतकी जुनी आहे. येत्या जूनमध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून चोवीस प्रशिक्षणार्थी, चार मार्गदर्शक आणि आठ शाळा एवढ्यावर पहिली तुकडी सुरू होऊ शकते. उपकेंद्र आणि दोन्ही डाएट यांनी एकत्र बसून शाळांची यादी करावी. माझ्या परिचयातले तीन निवृत्त शिक्षक मागच्या बाकावर बसायला तयार आहेत, आणि चौथा मी आहे.